आई-वडील आणि मुलीसह बाथमध्ये दोन दिवस : नियोजन कसे करावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : कोल्हापूरहून आलेले सत्तरीच्या घरातले आई-वडील, नऊ वर्षांची मुलगी आणि तुम्ही दोघे असे पाच जण इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका शनिवार-रविवारी बाथ या जुन्या शहरात जाणार आहात. आईंचे गुडघे दुखतात. गाडीने जावे की रेल्वेने, राहावे कुठे, आणि त्याच दोन दिवसांत स्टोनहेंज हे प्राचीन शिलावर्तुळही पाहून होईल का, असे तुम्ही विचारले आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात मराठी कुटुंबांच्या सहली आखण्याचे काम मी अनेक वर्षे करीत आहे, त्यामुळे जे पाहण्यासारखे आहे त्याबरोबरच जे टाळावे असे मला वाटते तेही स्पष्टपणे लिहितो.

स्टोनहेंज या सहलीतून काढून टाका. बाथपासून ते सुमारे ५५ किलोमीटरवर आहे, म्हणजे जायला एक तास आणि यायला एक तास. शिवाय तिथे तिकीट काढण्याची जागा मुख्य दगडांपासून दूर असल्याने पुढे त्यांच्या बसने जावे लागते. एवढ्यात अर्धा दिवस संपतो. लंडनहून सुटणाऱ्या एकदिवसीय बससहलींमध्ये विंडसर, स्टोनहेंज आणि बाथ एका दमात दाखवतात, आणि त्यात बाथच्या वाट्याला भर दुपारचे दोन-अडीच तास येतात, जेव्हा शहरात सर्वाधिक गर्दी असते. बाथची खरी शोभा सकाळी लवकर आणि दिवे लागल्यानंतर दिसते. तुम्ही तिथे मुक्काम करणार आहात, तर तो लाभ घालवू नका. रेडिंगहून स्टोनहेंजला वेगळ्या दिवशी गाडीने सहज जाऊन येता येते.

प्रवास मात्र रेल्वेनेच करावा. रेडिंगहून बाथ स्पा स्थानक साधारण तासाभराच्या अंतरावर आहे आणि स्थानकापासून शहराचा मध्य सपाट रस्त्याने पाच-सात मिनिटांवर आहे. तुमच्या कुटुंबाची रचना पाहता ‘फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड’ घेणे सर्वांत फायद्याचे ठरेल, कारण एका कार्डावर चार प्रौढ आणि चार मुले एकत्र प्रवास करू शकतात, प्रौढांना एक तृतीयांश आणि मुलांना ६० टक्के सवलत मिळते; अट एवढीच की किमान एक मूल सर्वांबरोबर संपूर्ण प्रवासात असले पाहिजे. ज्यांच्यासोबत मूल नाही त्यांनी साठीपुढच्या आई-वडिलांसाठी ‘सीनियर रेलकार्ड’ काढावे. ते परदेशी पासपोर्टवरही मिळते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. बाथ येण्याच्या थोडे आधी गाडी जवळजवळ तीन किलोमीटर लांबीच्या बॉक्स बोगद्यातून जाते. ब्रुनेल या अभियंत्याने आखलेला हा बोगदा १८४१ मध्ये खुला झाला. तो ज्या डोंगरातून खोदला आहे, त्याच भागातला मधाच्या रंगाचा चुनखडीचा दगड पुढे शहरभर दिसतो, हे मुलीला आधी सांगून ठेवले तर बोगद्यानंतर ती खिडकीशी बसून राहील.

गाडी न्यायचीच असेल तर शहराच्या कडेला लॅन्सडाउन, न्यूब्रिज आणि ऑड डाउन येथे ‘पार्क अँड राइड’ची, म्हणजे गाडी तिथे लावून बसने शहरात जाण्याची, सोय आहे. मार्च २०२१ पासून शहराच्या मध्यभागी प्रदूषण कमी करण्यासाठी शुल्कक्षेत्र लागू आहे. खासगी मोटारींना हे शुल्क नाही, परंतु जुन्या इंजिनाच्या व्हॅन आणि मिनीबस यांना आहे. दोन-तीन कुटुंबे मिळून मिनीबस भाड्याने घेत असतील तर ही चौकशी आधी करावी.

आता वाराविषयी. शनिवारची रात्र बाथमध्ये सर्वांत महाग असते, आणि अनेक ठिकाणी केवळ शनिवारची एक रात्र देतच नाहीत, दोन रात्री घ्याव्या लागतात. शाळेला सुट्टी असेल तर रविवार-सोमवार हे दोन दिवस निवडावेत; खोली स्वस्त मिळते आणि सोमवारी गर्दी ओसरलेली असते. ते शक्य नसेल तर शुक्रवारी संध्याकाळी पोहोचावे आणि रविवारी परतावे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत भरणारा नाताळचा बाजार पाहण्यासारखा असला, तरी गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीला घेऊन त्या गर्दीत जाऊ नये. तसेच बाथचा रग्बी संघ शहराच्या मध्यभागी नदीकाठच्या मैदानावर खेळतो, त्यामुळे सामन्याच्या शनिवारी हॉटेले आणि उपाहारगृहे भरलेली असतात. खोली ठरवण्यापूर्वी सामन्यांचे वेळापत्रक एकदा पाहून घ्या.

राहण्याच्या बाबतीत मी एका गोष्टीवर फार भर देतो. बाथमधील बहुतेक जुनी निवासस्थाने अठराव्या शतकातील उंच, अरुंद घरांमध्ये आहेत. ही घरे संरक्षित असल्यामुळे त्यांत उद्वाहक बसवणे अवघड असते, आणि संकेतस्थळावर सुंदर दिसणारी, जरा स्वस्त असलेली खोली बहुधा चौथ्या मजल्यावर, छताखाली असते. खोली राखून ठेवताना नुसते ‘लिफ्ट आहे का’ असे विचारू नये. ‘रस्त्यापासून खोलीच्या दारापर्यंत एकूण पायऱ्या किती’ असे विचारावे, कारण काही घरांत मुख्य दारापाशीच पाच-सहा पायऱ्या असतात. स्थानकाजवळचा भाग किंवा पल्टनी पुलापलीकडचा ग्रेट पल्टनी स्ट्रीट तुमच्यासाठी योग्य आहे. हा रस्ता रुंद आणि सपाट आहे, आणि त्याच्या टोकाला होलबर्न संग्रहालय व त्यामागे सिडनी गार्डन्स ही बाग आहे. लॅन्सडाउन किंवा बाथविक हिल या बाजूंना खोल्यांतून देखावा छान दिसतो, पण प्रत्येक वेळी परतताना चढ चढावा लागतो.

चढ हाच बाथमधला मुख्य प्रश्न आहे. हे शहर एव्हन नदीच्या वळणात, टेकड्यांच्या मधल्या खोलगट भागात वसले आहे. रोमन स्नानगृहे, अ‍ॅबी हे जुने चर्च, बाजार आणि स्थानक खाली. रॉयल क्रेसेंट ही घरांची अर्धवर्तुळाकार रांग आणि सर्कस हे घरांचे वर्तुळ वर. माझा नियम साधा आहे : वर टॅक्सीने जावे, खाली चालत यावे. एवढे एक पाळले तरी आईंचा त्रास निम्मा होईल.

शनिवारची सकाळ रोमन स्नानगृहांसाठी ठेवा आणि उघडण्याच्या वेळेचेच तिकीट आधी काढून ठेवा. पहिल्या तासात आतली शांतता वेगळीच असते. किमान दोन तास हाताशी ठेवावेत. कानाला लावायचे ध्वनिमार्गदर्शक यंत्र तिकिटातच मिळते आणि मुलांसाठी त्यात वेगळे निवेदन असते. बहुतेक भागांत उद्वाहकाने जाता येते, मात्र मोठ्या कुंडाभोवतीची रोमन फरसबंदी ओबडधोबड आणि कधी ओली असते, तिथे आईंचा हात धरावा.

आत गेल्यावर आधी वरच्या सज्जातून हिरवे पाणी आणि भोवतालचे पुतळे दिसतात, आणि बहुतेक जण ते सगळेच रोमन समजून छायाचित्रे काढतात. प्रत्यक्षात हे पुतळे आणि वरचे खांब एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे आहेत. रोमन काळ खाली उतरल्यावर, साधारण खांबांच्या तळखड्यांच्या पातळीला सुरू होतो. तिथे उभे राहून कुंडाच्या कडेच्या पायऱ्या पाहाव्यात. पाण्याखाली शिशाच्या जाड पत्र्यांचे अस्तर आहे. असे ४५ पत्रे रोमन कारागिरांनी बसवले, आणि ते आजही पाणी धरून आहेत. त्या काळी कुंडावर उंच कमानीचे छत होते. आता ते उघड्यावर असल्याने ऊन मिळून शेवाळ वाढते आणि पाणी हिरवे दिसते; झऱ्यातून येताना ते स्वच्छ असते. कुंडाच्या एका कोपऱ्यात पाणी आत येण्याची वाट आहे. तिथल्या दगडांवर खनिजांचा तांबूस-नारिंगी थर साचला आहे, आणि थंडीत त्यावरून वाफ उठताना दिसते. जास्तीचे पाणी नदीकडे नेणारे रोमन गटार अजून काम देते, हे वडिलांना नक्की दाखवा.

हे पाणी मूळचे पावसाचे आहे. मेंडिप टेकड्यांवर हजारो वर्षांपूर्वी पडलेले पाणी चुनखडीच्या थरांतून दोन किलोमीटरहून अधिक खोल उतरते, तिथे तापते आणि खडकातल्या भेगांतून वर येते. मुख्य झऱ्याचे तापमान सुमारे ४६ अंश सेल्सिअस आहे आणि त्यातून दररोज ११ लाख लिटरांहून अधिक पाणी येते. रोमनांच्या आधी इथले लोक सुलिस या देवीचे हे स्थान मानीत. रोमनांनी तिची सांगड आपल्या मिनर्व्हाशी घातली आणि गावाला ‘अ‍ॅक्वी सुलिस’ असे नाव दिले. या देवीच्या मूर्तीचे सोन्याचा मुलामा दिलेले कांस्य मस्तक १७२७ मध्ये स्टॉल स्ट्रीटवर गटाराचे खोदकाम करताना सापडले. ते आत ठेवलेले आहे. माझ्या मते त्याहूनही मन धरून ठेवतात त्या शापाच्या पट्ट्या. चोरीला गेलेल्या वस्तूंबद्दल लोक शिशाच्या किंवा शिसेमिश्रित कथिलाच्या पातळ पत्र्यांवर देवीला गाऱ्हाणे लिहीत आणि पत्रा गुंडाळून झऱ्यात टाकीत. अशा सुमारे १३० पट्ट्या मिळाल्या आहेत. त्यांपैकी एकीत डोसिमेडिस नावाच्या माणसाचे दोन हातमोजे गेले आहेत, आणि चोराचे डोके फिरावे व डोळे जावेत अशी तो मागणी करतो. मुलीला ही पट्टी जरूर शोधू द्या.

एक गोष्ट आई-वडिलांना आधीच सांगून ठेवा. राजापूरजवळच्या उन्हाळे गावी किंवा वज्रेश्वरीला कुंडावर गेले की स्नान करतात, तसे येथे करता येत नाही. रोमन कुंडातल्या पाण्याला हातही लावायचा नसतो. १९७८ मध्ये या पाण्यात पोहलेल्या एका मुलीचा अमीबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराने मृत्यू झाला, आणि त्यानंतर सार्वजनिक स्नान थांबवण्यात आले. पुढे नवी विंधणे घेऊन सुरक्षित पाणी वर आणले गेले. ते प्रक्रिया केलेले पाणी पिण्यासाठी मिळते आणि शेजारच्या पंप रूम या जुन्या दालनातही पेलाभर चाखता येते. कोमट, किंचित लोखंडासारखी चव असलेले हे पाणी अठराव्या शतकात वैद्यांच्या सल्ल्याने पेल्यामागून पेले पीत. पंप रूमच्या दर्शनी भागावर पिंडर या ग्रीक कवीची ओळ कोरली आहे : पाणी हेच सर्वोत्तम.

स्नान करायचे असेल तर २००६ मध्ये सुरू झालेले ‘थर्मे बाथ स्पा’ हे ठिकाण आहे. त्याच्या गच्चीवरच्या तलावात सुमारे साडेतेहतीस अंशांच्या नैसर्गिक पाण्यात उभे राहून अ‍ॅबीचा मनोरा आणि टेकड्या दिसतात. येथे काही अडचणी आहेत, त्या मनात ठेवा. मुख्य इमारतीत सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही, आणि शेजारच्या लहान, उघड्या क्रॉस बाथमध्ये बारा वर्षांखालील मुलांना नाही. म्हणजे तुमच्या मुलीला या खेपेस गरम पाण्यात उतरता येणार नाही. तिला हे घरीच सांगावे. स्त्री-पुरुष एकत्र असतात आणि पोहण्याचा पोशाख आवश्यक असतो. आईंना अंगभर पोशाख हवा असेल तर पोहण्यासाठीच शिवलेला घ्यावा. रक्तदाब किंवा हृदयविकार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय तापलेल्या पाण्यात आणि बाष्पकक्षात जाऊ नये. वेळ दोन तासांची असते, आठवड्याच्या शेवटी दर जास्त असतो, आणि आगाऊ नोंदणी केलेली बरी. मी नेहमी सूर्यास्ताच्या आसपासची वेळ सुचवतो : हिवाळ्यात चारच्या सुमारास, उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत. तुम्ही दोघे शुक्रवारी संध्याकाळी जाऊन या, मुलगी आजी-आजोबांबरोबर राहील. वडिलांची इच्छा असेल तर त्यांना घेऊन दुसऱ्या दिवशी कुणीतरी एकाने जावे.

रोमन स्नानगृहांतून बाहेर पडताच समोर बाथ अ‍ॅबी आहे. ९७३ मध्ये इंग्लंडचा राजा एडगर याचा राज्याभिषेक येथल्या जुन्या मठमंदिरात झाला. आजच्या इमारतीचे काम १४९९ मध्ये बिशप ऑलिव्हर किंग याने सुरू केले. त्याला स्वप्नात देवदूत शिडीवरून चढता-उतरताना दिसले, अशी कथा आहे, आणि पश्चिमेच्या दर्शनी भिंतीवर दोन्ही बाजूंना त्या दगडी शिड्या आहेत. कोणते देवदूत डोके खाली करून उतरत आहेत ते मुलीला मोजायला लावा. आत छताकडे पाहावे. पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरत गेलेले ते दगडी काम इंग्लंडमधील उत्कृष्ट कामांपैकी आहे. अलीकडे या इमारतीची जमीन गरम झऱ्यांच्या उष्णतेवर तापवली जाते. भिंतींवर सहाशेहून अधिक स्मृतिशिला आहेत आणि त्यांत ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत राहिलेल्यांच्याही पुष्कळ आहेत. हिंदुस्थानातून पैसा कमावून परतलेले अनेक जण प्रकृतीसाठी बाथला येत, काही येथेच स्थायिक होत. रविवारी प्रार्थनांमुळे पर्यटकांना मोजकाच वेळ आत सोडतात, म्हणून अ‍ॅबी शनिवारीच पाहावी. मनोऱ्याला २१२ पायऱ्या आहेत. तिथे तुम्ही आणि मुलगी, दोघेच जा.

शनिवारी दुपारी, जेव्हा बाहेरून आलेल्या बसगाड्यांनी शहर भरते, तेव्हा तुम्ही शहराबाहेर पडा. हा सल्ला पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटतो, पण गर्दीच्या चार तासांत रांगेत उभे राहण्यापेक्षा ती दुपार मोकळ्या जागी घालवणे केव्हाही चांगले. ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन हे छोटे गाव रेल्वेने साधारण पंधरा मिनिटांवर आहे. तिथे चौदाव्या शतकातले धान्याचे प्रचंड दगडी कोठार आहे, सॅक्सन काळातले लहानसे चर्च आहे, आणि केनेट-एव्हन कालव्याच्या काठाने सपाट वाट आहे, ज्यावर आईंना झेपेल तेवढेच चालून एखाद्या बाकावर बसून रंगीत लाकडी नावा जाताना पाहता येतील. संध्याकाळी पाचपर्यंत बाथला परत यावे आणि पल्टनी पुलाकडे जावे. रॉबर्ट अ‍ॅडमने रचलेल्या आणि १७७४ मध्ये पूर्ण झालेल्या या पुलावर दोन्ही बाजूंना दुकाने असल्यामुळे चालताना पूल ओलांडतो आहोत हे कळतही नाही. तो पाहायचा असेल तर नदीकाठच्या परेड गार्डन्सच्या बाजूच्या कठड्यापाशी उभे राहावे, तिथून घोड्याच्या नालाच्या आकाराचा बांधही समोर येतो.

रविवारी सकाळी टॅक्सीने थेट रॉयल क्रेसेंटला जा. धाकट्या जॉन वुडने १७६७ ते १७७५ या काळात बांधलेली ही तीस घरांची अर्धवर्तुळाकार रांग हिरवळीसमोर उभी आहे. रविवारी सकाळी तिथे फारसे कोणी नसते. घर क्रमांक १ मध्ये संग्रहालय आहे. श्रीमंतांचे दिवाणखाने वर आणि नोकरांची स्वयंपाकघरे तळघरात अशी मांडणी त्यात नीट दिसते, पण जिने आहेत. घर क्रमांक १७ मध्ये आयझॅक पिटमन राहत असे. इंग्रजी लघुलेखन शिकून सरकारी नोकरीला लागलेल्या आपल्याकडच्या पिढीला हे नाव चांगलेच परिचित आहे, आणि वडिलांच्या मित्रमंडळींत कुणी स्टेनोग्राफर असेल तर त्यांना पाठवण्यासाठी तिथल्या पाटीचे छायाचित्र अवश्य काढा.

तिथून ब्रॉक स्ट्रीटने जवळजवळ सपाट चालत सर्कसला यावे. थोरल्या जॉन वुडने आराखडा केला, १७५४ मध्ये काम सुरू झाले, आणि त्याच्या मृत्यूनंतर मुलाने ते पूर्ण केले. ३३ घरांचे हे वर्तुळ नुसते फिरून सोडू नका. एका घरासमोर थांबून खालून वर पाहा : तळमजल्याला डोरिक, मधल्याला आयोनिक आणि वरच्याला कोरिंथियन असे तीन प्रकारचे खांब एकावर एक आहेत, आणि डोरिक खांबांच्या माथ्यावरच्या पट्टीत साप, अवजारे, वाद्ये अशी शेकडो छोटी चिन्हे कोरलेली आहेत. घर क्रमांक १४ रॉबर्ट क्लाइव्हचे होते. प्लासीच्या लढाईनंतर बंगालमधून आणलेल्या संपत्तीचा हा एक मुक्काम, असे मी सोबतच्या मंडळींना सांगतो, कारण या शहराच्या सौंदर्यामागचा पैसा कुठून आला हे आपल्याला माहीत असायला हवे. पुढे ग्रॅव्हल वॉक या पायवाटेने उतरताना याच घरांच्या मागच्या बाजू दिसतात आणि त्या अगदी वेगवेगळ्या आहेत. दर्शनी भिंत वुडच्या आराखड्याप्रमाणे एकसारखी असायची, मागे मात्र प्रत्येकाने आपल्या गरजेनुसार घर बांधले. वाटेत एक लहान जॉर्जियन, म्हणजे अठराव्या शतकातल्या पद्धतीची, बाग आहे, ती विनामूल्य पाहता येते.

खाली आल्यावर न्यू किंग स्ट्रीटवरचे क्रमांक १९ चे घर गाठा. याच घराच्या मागच्या अंगणातून विल्यम हर्शेलने १३ मार्च १७८१ रोजी स्वतः घडवलेल्या दुर्बिणीतून युरेनस शोधला. त्याची बहीण कॅरोलाइन त्याच्याबरोबर काम करीत असे आणि पुढे तिने स्वतः अनेक धूमकेतू शोधले. तुमच्या मुलीला पूर्ण सहलीत हे घर सर्वांत आवडेल, असा माझा अंदाज आहे.

जेन ऑस्टिन १८०१ ते १८०६ या काळात बाथमध्ये राहिली, तिच्या नावाचे केंद्र गे स्ट्रीटवर आहे. घरात तिचे वाचक नसतील तर ते वगळले तरी चालेल. फॅशन संग्रहालय पाहायला असेंब्ली रूम्समध्ये जा, असे जुन्या मार्गदर्शिका सांगतात, पण ते २०२२ मध्ये तिथून हलले आहे. पायी फिरून शहर समजून घ्यायचे असेल तर महापौरांचे मानद मार्गदर्शक पंप रूमच्या बाहेरून विनामूल्य फेरी काढतात आणि बक्षिशीही घेत नाहीत. मात्र ती सुमारे दोन तासांची असून तिच्यात चढ आहेत, तेव्हा ती वडिलांनी आणि तुम्ही करावी.

खाण्याविषयी फार चिंता नको, शाकाहारी पदार्थ बहुतेक ठिकाणी मिळतात. सॅली लन यांच्या जुन्या घरातला मोठा, हलका बन आणि साखरेचे खडे लावलेला बाथ बन हे दोन्ही चाखण्यासारखे आहेत, परंतु दोहोंत अंडे असते. आई अंडे खात नसतील तर डॉक्टर विल्यम ऑलिव्हर यांच्या नावाचे कोरडे बिस्किट चीजबरोबर द्यावे, पाकिटावरील घटक वाचून.

पाऊस लागला तर शनिवारची दुपार आणि रविवारची सकाळ यांची अदलाबदल करू नका. ब्रॅडफर्ड सोडून द्या आणि त्याऐवजी हर्शेलचे घर व होलबर्न संग्रहालय शनिवारी घ्या. रॉयल क्रेसेंट छत्री घेऊनही पाहता येते. परतीचे तिकीट काढण्यापूर्वी रविवारच्या मार्गदुरुस्तीचे वेळापत्रक पाहा, कारण त्या दिवशी काही टप्प्यांवर गाड्यांऐवजी बस चालवतात, आणि तसे असेल तर सामान आणि आई-वडील यांच्यासह उशिरा निघण्यापेक्षा दुपारी तीनच्या आधीची गाडी धरणे सोयीचे पडेल.